गोयाचे आत्मचित्र आणि वैद्याचे ऋण

चित्रकाराने स्वतःचे जे चित्र काढलेले असते त्याला आत्मचित्र म्हणतात. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आपल्या अभ्यासक्रमात असतो, त्यावर परीक्षेत प्रश्नही येतात. परंतु आत्मचित्राचा विचार आपल्या महाविद्यालयांतून क्वचितच होतो. पांढुर्णा आणि सौंसर येथील काही विद्यार्थ्यांपुढे या विषयावर दोनदा बोलण्याची संधी मला मिळाली. तेथे जे प्रश्न विचारले गेले त्यांची उत्तरे देता देता या लेखाची मांडणी झाली.

पांढुर्ण्यातील पहिलाच प्रश्न सरळ होता : स्वतःचेच चित्र काढणे ही आत्मप्रौढी नव्हे काय? सौंसरला दुसरा प्रश्न आला : युरोपातल्या कोणा चित्रकाराचा चेहरा आम्ही का पाहावा? आमच्या संत्र्याच्या बागांशी, आमच्या घरांशी त्याचा काय संबंध? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे सिद्धान्त सांगून देण्यापेक्षा एकच चित्र नीट पाहून द्यावीत असे मला वाटते. ते चित्र म्हणजे स्पेनचा चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने १८२० मध्ये तैलरंगात रंगवलेले आत्मचित्र. मूळ चित्र अमेरिकेतील मिनियापोलिस येथील कलासंग्रहालयात असून ते १९५२ पासून तेथे आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते छापील प्रतिकृतीतच पाहावे लागेल. तरीही ते अभ्यासता येते.

चित्रकाराचा परिचय

गोयाचा जन्म ३० मार्च १७४६ रोजी स्पेनमधील फुएन्देतोदोस या लहानशा गावी झाला. माद्रिदला येऊन त्याने हळूहळू नाव कमावले. १७८९ मध्ये तो राजाचा दरबारी चित्रकार झाला आणि १७९९ मध्ये प्रमुख दरबारी चित्रकार. मात्र त्यापूर्वीच, १७९२-९३ मध्ये, एका गंभीर दुखण्याने त्याची श्रवणशक्ती गेली होती. पुढची सुमारे पस्तीस वर्षे तो पूर्ण बहिरा होता. हा तपशील ध्यानात ठेवावा. चित्र पाहताना तो उपयोगी पडणार आहे.

१८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या सैन्याशी स्पेनचे युद्ध झाले. लूट, उपासमार आणि फाशी यांचे जे दृश्य या काळाने दाखवले ते गोयाने ताम्रपटांवर कोरून ठेवले. १८१२ मध्ये त्याची पत्नी होसेफा वारली. त्यांच्या अनेक मुलांपैकी एकच मुलगा जगला होता. युद्ध संपल्यावर परत आलेल्या सातव्या फर्डिनांड राजाने संविधान रद्द केले आणि विचारी माणसांना वाईट दिवस आले. फेब्रुवारी १८१९ मध्ये गोयाने माद्रिदबाहेर, मान्सानारेस नदीपलीकडे, एक घर विकत घेतले. या घराला लोक ‘बहिऱ्याची वाडी’ म्हणत. गंमत अशी की हे नाव गोयामुळे पडले नव्हते. आधीचा एक मालकही बहिरा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस गोया पुन्हा मरणाच्या दारात जाऊन आला. तेव्हा त्याचे वय त्र्याहत्तर होते. त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्याचे नाव एउहेनियो गार्सिया आर्रिएता. बरे झाल्यावर, पुढच्या वर्षी, गोयाने हे चित्र रंगवून आर्रिएताला दिले.

जवस आणि तैलरंग

चित्राकडे वळण्यापूर्वी माध्यमाविषयी थोडे सांगायला हवे. ‘तैलरंग’ हा शब्द आपण वापरतो, पण त्यातील तेल कोणते हे विचारले तर वर्गात शांतता पसरते. युरोपातील चित्रकार मुख्यतः जवसाचे आणि काही वेळा अक्रोडाचे तेल वापरीत. म्हणजे आपल्याकडे शेतात पिकणाऱ्या आणि घरोघरी चटणीसाठी कुटल्या जाणाऱ्या जवसाचेच तेल. सौंसरच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून नवल वाटले. वस्तुतः नवल वाटण्याचे कारण नाही. सुतारही लाकडावर जवसाचे तेल चढवतात, कारण ते वाळून कठीण थर धरते.

हे वाळणे पाण्याच्या वाळण्यासारखे नसते. पाणी उडून जाते. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. या क्रियेला दिवस लागतात, जाड थराला त्याहून अधिक. आपल्या पोथ्यांतील चित्रे काढणारे कलावंत रंग डिंकाच्या पाण्यात कालवीत. तो रंग पाहता पाहता सुकतो, म्हणून तेथे हात ठाम हवा आणि रेषा आधी ठरलेली हवी. तेलात कालवलेला रंग मात्र चित्रकाराला सवड देतो. ओल्या रंगात दुसरा ओला रंग मिसळता येतो, गालावरचा उजेड सावलीत विरघळवता येतो, न पटलेला भाग पुसून पुन्हा रंगवता येतो. वाळलेल्या थरावर पातळ पारदर्शक थर चढवून खोलीही आणता येते.

गोयाच्या काळी धातूच्या नळ्यांतून मिळणारे तयार रंग नव्हते. ती युक्ती १८४१ मध्ये निघाली. शिशाचा सफेदा, हिंगूळ, गेरूसारखी माती, हाडांची काळी भुकटी असे पदार्थ तेलात घोटून रंग तयार करावे लागत. आजारी माणसाच्या निस्तेज कातडीचा रंग आणि निरोगी माणसाच्या चेहऱ्याचा रंग यांतील फरक दाखवायचा तर या माध्यमाची सवड फार मोलाची ठरते. या चित्राचा सगळा भार त्याच फरकावर उभा आहे.

चित्रात काय दिसते

चित्र सुमारे ११५ सेंटिमीटर उंच आणि ७७ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे त्यातील माणसे जवळजवळ खऱ्या आकाराची दिसतात. दोन व्यक्ती पुढे आहेत. एक स्वतः गोया, अंथरुणात उठवून बसवलेला. अंगात करड्या रंगाचा घरगुती झगा आहे. मान मागे कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सैल पडलेले. दोन्ही हातांनी त्याने पांघरूण घट्ट धरले आहे. पांघरुणाचा लाल रंग चित्राच्या खालच्या भागात पसरला आहे. आजारी माणसाजवळ जो बसला असेल त्याला ही पांघरूण धरण्याची लकब ओळखीची वाटेल. शरीरात बळ नसते तेव्हा हात काहीतरी धरून ठेवू पाहतात.

दुसरी व्यक्ती आर्रिएता. त्याने हिरवा कोट घातला आहे. तो रोग्याच्या मागे बसून एका हाताने त्याच्या खांद्याला आधार देतो आहे आणि दुसऱ्या हाताने औषधाचा पेला पुढे करतो आहे. त्याचा चेहरा गोयाच्या चेहऱ्याला लागूनच आहे, पण रंग निराळा, ताजा, रक्त खेळत असलेला. त्याच्या मुद्रेवर नाट्य नाही, घाई नाही, विजयाचा भाव तर मुळीच नाही. पेला तोंडाशी नेताना रोगी गिळेल की नाही एवढीच काळजी आहे.

या दोघांच्या मागे अंधार आहे आणि अंधारात काही चेहरे अस्पष्ट दिसतात. ते नोकर असतील, शेजारी असतील, अखेरचे संस्कार करायला आलेला धर्मगुरू असेल किंवा तापाच्या भ्रमातील आकृती असतील, असे निरनिराळे अर्थ अभ्यासकांनी लावले आहेत. मला यात एकच अर्थ पक्का करण्याची गरज वाटत नाही. मरणाऱ्याच्या खोलीत जे वाट पाहत उभे असतात, ते हे चेहरे. त्यांच्यात आणि रोग्यात वैद्याचे शरीर उभे आहे, हे महत्त्वाचे.

सर्वांत खाली एक पट्टी सोडून तिच्यावर स्पॅनिश भाषेत मजकूर लिहिला आहे. त्याचा भावार्थ असा : १८१९ च्या अखेरीस, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी झालेल्या तीव्र आणि धोक्याच्या आजारात ज्याने कौशल्याने व काळजीने आपला जीव वाचवला, त्या आर्रिएता या मित्रास कृतज्ञ गोयाकडून, त्याने हे १८२० मध्ये रंगवले.

येथे मराठी वाचकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ‘मी रंगवले’ असे गोया लिहीत नाही; ‘त्याने रंगवले’ असे लिहितो. स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ अशी जी मुद्रा घातली तिच्यातही बोलणारा स्वतःपासून एक पाऊल दूर उभा असतो. अर्थात दोन्ही परंपरा एकमेकींना ठाऊक नव्हत्या, आणि या तऱ्हेने लिहिणे स्पेनमध्येही रूढच होते. तरी स्वतःविषयी नम्रतेने बोलायचे तर स्वतःला ‘तो’ म्हणावे, ही जाण दोन्हीकडे दिसते.

आरसा कोठे गेला?

आत्मचित्र म्हटले की आरसा आलाच. चित्रकार आरशासमोर बसतो, स्वतःकडे रोखून पाहतो आणि जे दिसते ते फलकावर उतरवतो. म्हणून बहुतेक आत्मचित्रांत डोळे थेट आपल्याकडे पाहत असतात. खरे म्हणजे ते आरशाकडे पाहत असतात. गोयाने स्वतःची अशी चित्रे पुष्कळ काढली होती. १७९९ च्या ‘काप्रीचोस’ या ऐंशी मुद्राचित्रांच्या संचातील पहिले चित्र त्याचे स्वतःचेच आहे, उंच टोपी घातलेले आणि तिरप्या नजरेने पाहणारे. चौथ्या कार्लोस राजाच्या कुटुंबाच्या मोठ्या चित्रात (१८००-०१) तो मागे, सावलीत, फलकासमोर उभा आहे. १८१५ च्या सुमाराची त्याची दोन आत्मचित्रे माद्रिदमध्ये आहेत. त्यांत गळा उघडा असलेला थकलेला माणूस आपल्याकडे सरळ पाहतो.

१८२० च्या चित्रात मात्र आरसा नाही. तो असणे शक्यही नव्हते. ज्याचे डोळे मिटत चालले आहेत, ज्याची मान दुसऱ्याच्या आधाराने उभी आहे, तो माणूस त्या क्षणी स्वतःचा चेहरा पाहू शकत नाही. मग गोयाला तो चेहरा कोठून मिळाला? बरे झाल्यावर त्याने तो आठवणीतून आणि कल्पनेतून उभा केला असला पाहिजे. त्या रात्री तो चेहरा जवळून पाहणारा एक माणूस होता, आणि तो होता आर्रिएता. म्हणून मला असे वाटते की हे चित्र आरशात दिसलेल्या गोयाचे नाही. सावरणाऱ्याला जो गोया दिसला असेल त्याचे आहे. चित्रकाराने स्वतःला पाहण्यासाठी दुसऱ्याची नजर उसनी घेतली आहे.

आता गोयाचे बहिरेपण आठवावे. रोग्याला वैद्य धीर देतो तो बहुधा शब्दांनी. ‘घाबरू नका, एवढे घ्या’, असे म्हणतो. गोयाला यातले काहीच ऐकू येत नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे स्पर्श. खांद्यावरचा हात हेच वैद्याचे बोलणे. म्हणूनच तो हात चित्राच्या मध्यावर इतक्या ठसठशीतपणे आला आहे, असे मी समजतो.

त्या काळच्या वैद्यकाची स्थितीही लक्षात घ्यावी. छातीचे ठोके ऐकण्याच्या नळीविषयीचा लेनेकचा ग्रंथ १८१९ मध्येच पॅरिसला प्रसिद्ध झाला होता. रोगजंतूंचे शास्त्र यायला अजून कित्येक दशके होती. वैद्याजवळ आजच्या मानाने फारच थोडी साधने होती. त्यामुळे रोग्याजवळ बसणे, त्याला उठवणे, घोट घोट पाजणे हा उपचाराचाच भाग होता. म्हणून मजकुरात गोयाने कौशल्य आणि काळजी असे दोन्ही शब्द घातले आहेत. एकाने भागले नसते.

नवसाचे चित्र

चित्राखाली पट्टी सोडून मजकूर लिहिण्याची पद्धत गोयाने कोठून घेतली? कॅथलिक देशांत नवस फेडण्यासाठी देवळात चित्र वाहण्याची रीत होती. खाटेवरचा रोगी, किंवा बुडणारे जहाज, किंवा उलटलेली गाडी चित्रात असे; वरच्या कोपऱ्यात ढगांत मेरीमाता किंवा एखादा संत प्रकट झालेला असे; आणि खाली मजकूर असे की अमुक वर्षी, अमुक संकटात, अमुक संताच्या कृपेने अमक्याचा जीव वाचला. ही चित्रे बहुधा गावातला साधा रंगारी काढी.

आपल्याला हे परके वाटू नये. मुंबईला वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय वाहतात; त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. देवीला चांदीचे डोळे वाहण्याची रीत महाराष्ट्रात घराघरांत ठाऊक आहे. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाच्या देवळात दुखणाईत माणसे आणि त्यांचे नातेवाईक आशेने येतात हे पांढुर्णा-सौंसरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले आहे. संकटातून वाचल्यावर माणसाला कोणापुढे तरी ते ऋण बोलून दाखवावेसे वाटते. ही भावना एका धर्माची किंवा एका देशाची नाही.

गोयाने ही लोकांची रीत उचलली, खालची पट्टी ठेवली, मजकूर ठेवला, खाट ठेवली. पण वरचा कोपरा रिकामा ठेवला. ढग नाहीत, तेजोवलय नाही, संत नाही. संताच्या जागेचे काम कोटातला एक माणूस करतो आहे. यावरून गोया नास्तिक होता असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याने १८१९ मध्येच माद्रिदच्या एका धार्मिक शाळेसाठी संत जोसेफ कलासांझ याच्या अखेरच्या प्रसादग्रहणाचे मोठे आणि भक्तिभावाने भरलेले चित्र रंगवले होते. मुद्दा एवढाच की जे ऋण माणसाचे आहे ते माणसाच्या नावावर लिहावे, असे त्याने ठरवले. कृतज्ञता व्यक्त करायची तर पत्ता बरोबर लिहावा.

येथे पांढुर्ण्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आत्मचित्र ही आत्मप्रौढी असू शकते. तशी चित्रे आहेतही. पण स्पेनच्या राजाच्या प्रमुख चित्रकाराने स्वतःला सैल ओठांचा, मिटत्या डोळ्यांचा, दुसऱ्याच्या हातातून पाणी पिणारा म्हातारा म्हणून रंगवले, खाली आपल्या नावापुढे ‘कृतज्ञ’ हा एकच शब्द लावला आणि ते चित्र स्वतःजवळ न ठेवता वैद्याला देऊन टाकले, तेव्हा प्रौढीला तेथे जागा उरत नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना, गोया जिवंत असताना आपल्याकडे काय चालले होते हे पाहू. पांढुर्णा-सौंसरचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. मराठी राज्यात तैलरंग येऊन पोचला होता तो पुण्याला. १७९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करीत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकत्र दाखवणारे त्याचे १७९२ चे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नाना फडणीसांची जी किडकिडीत, तीक्ष्ण नाकाची मूर्ती आपल्या मनात ठसली आहे तिचे श्रेय पुष्कळसे वेल्सला जाते. वेल्स १७९५ मध्ये वारला.

त्याच्यासोबत काम करणारा एक मराठी चित्रकार होता, गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली रेखाटने मॅलेटने आपल्या लेखासाठी वापरली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्रही त्याने काढले आहे. त्याची ओळखली जाणारी कामे कागदावरची आहेत, रेखाटने आणि जलरंगातील चित्रे. त्यांतील बरीच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. म्हणजे एकाच शहरात, एकाच वेळी, तेल आणि कागद शेजारी शेजारी होते. पण तेलाचे माध्यम ज्यांच्या खर्चाने चालत होते त्यांना राजांचे, मुत्सद्द्यांचे आणि तहाच्या दरबारांचे चेहरे हवे होते.

यावरून ‘भारतीय कलावंताला स्वतःचे नाव लावणे ठाऊकच नव्हते’ असे जे सरसकट विधान केले जाते ते मात्र खरे नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे अधिक चांगले ठाऊक असेल. बाराव्या शतकातील बेलूरच्या आणि पुढे होयसळांच्या इतर देवळांतील मूर्तींखाली दासोज, मल्लितम्म अशी शिल्पींची नावे कोरलेली आहेत. बसवण्णांच्या वचनांत ‘कूडलसंगमदेव’ ही मुद्रा आहे. शब्दांतले आत्मचित्र तर मराठीत जुनेच आहे. सतराव्या शतकातील बहिणाबाईंनी आपले आत्मनिवेदन अभंगांत केले आणि खुद्द नाना फडणीसांनी आपल्या तारुण्यातील काळाविषयी स्वतः लिहून ठेवले. तेव्हा ‘मी’ आपल्याकडे होताच. तो दगडाखाली, अभंगाच्या शेवटी, वचनाच्या मुद्रेत होता. तैलरंगात तो रुळला, तो १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू होऊन तेथे तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचे शिक्षण मराठी मुलांना मिळू लागल्यानंतर.

आता संबंध कोणता ते सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात, जांब नदीच्या पात्रात, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात आणि दरवर्षी कित्येक जण जखमी होतात. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती दगड फेकणाऱ्यांची आणि झेंड्याची. जखमींच्या डोक्याला पट्टी बांधणारे, रक्त पुसणारे, पाणी पाजणारे हात त्या छायाचित्रांत फारसे दिसत नाहीत. गोयानेही आयुष्यभर हिंसा रंगवली होती. माद्रिदच्या १८०८ मधील उठावाची त्याची दोन चित्रे, २ मे आणि ३ मे ही, जगप्रसिद्ध आहेत. पण स्वतःच्या मरणाची गोष्ट सांगण्याची वेळ आली तेव्हा त्याने सावरणारा हात रंगवला. कशाचे चित्र काढायचे आणि कोणाचा चेहरा जपून ठेवायचा, हा प्रश्न चित्रकाराचा आहे तसा गावाचाही आहे.

चित्रानंतर

चित्र दिल्यानंतर गोयाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्याच घराच्या भिंतींवर त्याने १८२३ पर्यंत चौदा चित्रे रंगवली. ती ‘काळी चित्रे’ म्हणून ओळखली जातात. त्यांत वेडेवाकडे चेहरे आहेत, आपल्या मुलाला खाणारा शनी आहे, वाळूत बुडणारा कुत्रा आहे. १८७४ पासून ती भिंतीवरून काढून कापडावर चढवण्यात आली आणि आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. वैद्याने वाचवलेले आयुष्य गोडगुलाबी झाले नाही, हे यावरून दिसते. १८२३ मध्ये स्पेनमध्ये पुन्हा राजाची एकतंत्री सत्ता आली आणि १८२४ मध्ये गोया फ्रान्समधील बोर्दो येथे गेला. तेथे जवळजवळ ऐंशीव्या वर्षी त्याने शिळामुद्रण ही त्या वेळी नवीच असलेली कला हाताळून बैलांच्या झुंजीची चार मोठी चित्रे केली. दोन काठ्या टेकत चालणाऱ्या एका म्हाताऱ्याचे त्याचे रेखाटन आहे. त्यावर त्याने ‘अजून शिकतो आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. १६ एप्रिल १८२८ रोजी तो बोर्दोलाच वारला. त्र्याहत्तराव्या वर्षी मरता मरता वाचलेल्या माणसाला आर्रिएताच्या हाताने आणखी आठ वर्षे मिळाली आणि ‘काळी चित्रे’ व बोर्दोची चित्रे ही सगळी त्या आठ वर्षांतली.

विद्यार्थ्यांसाठी

हे चित्र अभ्यासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील क्रमाने जावे असे मी सुचवतो.

१. प्रतिकृती समोर ठेवून प्रथम फक्त हात पाहावेत. चित्रात कोणता हात काय करतो ते एकेका वाक्यात लिहावे.

२. नंतर दोन चेहऱ्यांच्या रंगांची तुलना करावी. उजेड कोठून येतो ते शोधावे.

३. खालची मजकुराची पट्टी कागदाने झाकून चित्र पाहावे, मग कागद काढून पुन्हा पाहावे. अर्थात काय बदल होतो ते टिपावे.

४. आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा पेन्सिलीने काढावा. चित्र चांगले आले नाही तरी चालेल. त्यानंतर आपल्या एखाद्या जुन्या आजारपणात आपल्याजवळ कोण बसले होते ते आठवून त्या व्यक्तीसह स्वतःचे दुसरे चित्र काढावे.

या चौथ्या अभ्यासात पांढुर्ण्याच्या मुलामुलींनी जी चित्रे काढली त्यांत आई होती, आजी होती, शेजारची काकू होती, दवाखान्यातली नर्सबाई होती. एका मुलाने पिण्याचे पाणी घेऊन येणारी धाकटी बहीण काढली होती. रेघा कच्च्या होत्या. पण प्रत्येक चित्रात काढणारा लहान आणि सावरणारा मोठा झाला होता, आणि तसे करा असे मी त्यांना सांगितले नव्हते.

आपण कोण आहोत हे आरसा सांगतो, पण सगळे सांगत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना घरी मराठी, कचेरीत हिंदी अशा दोन आरशांत स्वतःला पाहावे लागते. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेल्या या अंकाच्या वाचकांनाही तो अनुभव नवा नाही. अशा माणसांना गोयाचे हे चित्र लवकर समजावे. माणसाची ओळख त्याच्या चेहऱ्यावर असते तशी त्याला कोणी धरून ठेवले यावरही असते. ज्यांनी धरून ठेवले त्यांचे नाव, सालासह आणि स्पष्ट अक्षरांत, खाली लिहून ठेवण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते.